अर्ज लिहिण्याआधी दवाखाना कोणाचा ते बघा

एकवीस वर्षं मी सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात आवक-जावकच्या टेबलावर काढली. डॉक्टर नाही, औषध नाही, कौलातून पाणी गळतं, असले अर्ज पहिले माझ्या हातात यायचे. त्यातले कितीतरी भलत्याच दारात आलेले असायचे.

एकदा देवगडकडचे एक आजोबा आले. पायावर कुत्रा चावल्याची खूण दाखवत म्हणाले, "गो बाय, माझो अर्ज खंय रवलो?" गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस नव्हती, म्हणून त्यांनी अर्ज टाकला होता. टाकला मात्र जिल्हा शल्य चिकित्सकांच्या नावे, कारण 'मोठो डॉक्टर तो'. तिथून 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा घेऊन तो आमच्याकडे आला. आजोबांनी स्वतः एसटीने कणकवली गाठून इंजेक्शनं घेतली. ती ० ते २८ दिवसांच्या वेळापत्रकाने देतात. अर्जावर माझा शिक्का पडला तेव्हा शेवटचं इंजेक्शनही टोचून झालं होतं.

तेव्हा लिहायला बसण्याआधी दवाखान्याच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचा. उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर मालक जिल्हा परिषद. आधी तालुका आरोग्य अधिकारी, त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय (मालवण, देवगड) किंवा उपजिल्हा रुग्णालय (कणकवली, सावंतवाडी) असेल तर मालक थेट राज्य शासन आणि दार जिल्हा शल्य चिकित्सकांचं. दोन्ही दारं जिल्ह्याच्या मुख्यालयात, ओरोसलाच, म्हणून माणसं गोंधळतात. त्यात ओरोसला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. महाविद्यालयाचा कारभार वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, म्हणजे तिसरं दार.

या सगळ्यांच्या वर कोण, तिथे तर शिकलेले चाकरमानीही चुकतात. महसुलाचे आपले विभागीय आयुक्त कोकण भवनात, बेलापूरला बसतात. म्हणून आरोग्याचा अर्जही तिकडेच पाठवतात. आरोग्य खात्याची परिमंडळं वेगळी आहेत. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी येतात कोल्हापूर परिमंडळात, सांगली-कोल्हापूरच्या जोडीला. आपले उपसंचालक, आरोग्य सेवा, घाटावर. रायगडकरांनी ठाण्याला लिहायचं. कोणी का ठरवलं ते मला विचारू नका, करूळ घाट बंद पडला की आमचा टपालवाला शिपाई ठरवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायचा.

आता मागणी. एका अर्जात एकच. छप्पर गळतं आणि डॉक्टर येत नाहीत हे एकाच कागदावर लिहिलंत, तर छप्पर बांधकाम विभागाचं आणि डॉक्टर आस्थापनेच्या टेबलाचा. कागद एक, टेबलं दोन. तो एका टेबलावर निजतो आणि दुसऱ्याला पत्ता नसतो. बल्ब, नळ, टाकीचं झाकण अशा बारीक गोष्टींसाठी अर्ज करूच नका, केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत विषय काढा. आरोग्य सेविकेची जागा रिकामी असेल तर ती जिल्हा परिषदेची माणूस, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना लिहा. पण वैद्यकीय अधिकारी हा शासनाचा गट-अ अधिकारी. केंद्र जिल्हा परिषदेचं, डॉक्टर राज्याचा! कायमचा डॉक्टर देणं जिल्ह्याच्या हातात नसतं. म्हणून "डॉक्टर द्या" एवढंच न लिहिता "कायम नेमणूक होईपर्यंत शेजारच्या केंद्रातून आठवड्याचे अमुक वार प्रतिनियुक्ती द्या" असं लिहा आणि प्रत कोल्हापूरला लावा. असा अर्ज साहेबांना सही करायला सोपा जातो.

नवं उपकेंद्र मागत असाल तर लोकसंख्या लिहा. निकष सपाटीवर ५,००० चा आहे, डोंगराळ भागात ३,००० चा. वाड्यांची नावं आणि पावसात कुठला साकव पाण्याखाली जातो तेही घाला.

पैसे मागितले अशी तक्रार असेल तर एक तारीख ध्यानात ठेवा: १५ ऑगस्ट २०२३. तेव्हापासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळं मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांना मात्र तो निर्णय लागू नव्हता.

महिनाभर उत्तर आलं नाही तर चिडून दुसरा अर्ज करू नका, त्याला नवा नंबर पडतो आणि जुना विसरला जातो. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून जनमाहिती अधिकाऱ्यांकडे मागा. "कारवाई का केली नाही" असं विचारू नका, "का" ला माहिती म्हणत नाहीत असं उत्तर ठरलेलं असतं. "आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, या अर्जावरील टिपणीची प्रत द्यावी" एवढंच लिहा. ३० दिवसांची मुदत लागते आणि टिपणी लिहिलेली नसेल तर ती त्याच आठवड्यात लिहिली जाते. हे मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलंय.

त्यासाठी आवक क्रमांक हवा. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का आणि नंबर घ्या. जुलै-ऑगस्टात ओरोसच्या हवेत शिक्क्याची जांभळी शाई सुकत नाही. ओल्यावरच कागदाची घडी घातली की नंबर समोरच्या अर्ध्यावर उलटा उमटतो आणि मूळ जागी नुसता डाग राहतो. म्हणून खिडकीतून हलण्याआधी तो नंबर शेजारी बॉलपेनने लिहून घ्या. पेन घरून न्या, आमच्याकडचं दोरीला बांधलेलं असतं आणि चालत नाही.