मुंकची ‘कार्ल योहान रस्त्यावरील संध्याकाळ’ कशी पाहावी

एडवर्ड मुंक या नॉर्वेजियन चित्रकाराने १८९२ मध्ये रंगवलेले हे तैलचित्र आज बर्गेन शहरातील संग्रहालयात आहे. तिथवर जाणे जमले नाही तरी चांगली, मोठी प्रतिमा पुरते. मात्र फोनवर पाहणार असाल तर तो आडवा धरावा, कारण मूळ चित्र सुमारे ८४ सेंमी उंच आणि १२१ सेंमी रुंद असून त्याचा उजवीकडचा मोकळा भाग कापला गेला, तर निम्मे चित्रच हातचे जाते.

सर्वप्रथम आपण कुठे उभे आहोत हे ठरवावे. हा ख्रिस्तियानियाचा, म्हणजे आजच्या ऑस्लोचा, हमरस्ता आहे. प्रतिष्ठित मंडळी नटूनथटून इथे फेरफटका मारत, एकमेकांना पाहत आणि स्वतःला दाखवून घेत. मागे संसदेच्या इमारतीच्या खिडक्या पिवळ्या उजळल्या आहेत, आणि गर्दी थेट आपल्या अंगावर चालून येते आहे. पुढची माणसे तर खालच्या चौकटीने अर्धी कापली गेली आहेत, म्हणजे आणखी दोन पावलांत ती आपल्याला धडकणार.

मग चेहऱ्यांकडे वळावे, आणि इथे घाई करू नये. उंच काळ्या हॅटांखाली फिकट, पिवळसर मुखवटे आणि त्यांत वटारलेले गोल डोळे आहेत. कोणी कोणाशी बोलत नाही. संध्याकाळच्या फेरफटक्याला निघालेली माणसे इतकी गप्प असावीत, हेच मला या चित्रातले सर्वांत भयंकर वाटते.

आता डावा तळहात गर्दीवर ठेवून ती झाकावी. उरतो तो निळसर-जांभळा, रिकामा रस्ता, उजवीकडचा झाडासारखा उंच काळा आकार आणि पाठमोरा, उलट दिशेने एकटा निघालेला एक माणूस. हात काढला की गर्दी एवढी दाट का वाटते ते उमगते. समोर अख्खा रस्ता मोकळा असताना सगळे एकाच कडेला दाटले आहेत. तो पाठमोरा माणूस म्हणजे स्वतः मुंक, असे अनेक समीक्षक मानतात. पण ही माहिती शेवटीच वाचावी, नाहीतर चित्र सोडून आपण चरित्रच पाहत बसतो.

शेवटी दोन चित्रे शेजारी ठेवावीत. १८९० मध्ये मुंकने हाच रस्ता वसंतातल्या उन्हात, छोट्या छोट्या ठिपक्यांनी आणि लाल छत्रीसह रंगवला होता. दोनच वर्षांत ठिपके जाऊन रंगांचे सपाट, जड पट्टे आले. १८९४ च्या ‘चिंता’ या चित्रात अशीच फिकट मंडळी लाल आकाशाखाली, खाडीकाठी पुन्हा समोरून येताना दिसतात. तिथे मात्र उलट दिशेने जाणारे कोणी नाही.