जुन्या गाडीतील कूलंटची बारीक गळती : या चुका टाळा

कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, गळती बारीक असेपर्यंत गाडीच्या चालण्यात फारसा फरक जाणवत नाही. सकाळी नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावरून मोकळी धावणारी गाडी समोरच्या वाऱ्यानेच थंड राहते. पण तीच गाडी मे महिन्याच्या दुपारी ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढावर, एसी चालू असताना, वाहनांच्या रांगेत अडकली की रेडिएटरला, म्हणजे तापलेले कूलंट थंड करणाऱ्या जाळीला, केवळ पंख्याचा आधार उरतो आणि कूलंट किती कमी झाले आहे ते तेव्हा कळते. म्हणूनच जुन्या गाड्यांचे मालक या बिघाडाकडे उशिरा वळतात, आणि वळल्यावरही बरेच जण कूलंटच्या टाकीत नळाचे पाणी ओतून पुढे निघतात.

ही चूक सर्वांत मोठी आहे, कारण बाकीच्या अनेक चुका तिच्यातूनच निघतात. कूलंट म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंज रोखणारी रसायने यांचे मिश्रण. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी असलेले मिश्रण साध्या दाबाखाली सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळते. दरवेळी पाणी घालत गेल्यास हा उत्कलनबिंदू शंभराकडे सरकतो आणि गंजरोधकही पातळ होत जाते. शिवाय घोडबंदर पट्ट्यातील अनेक सोसायट्यांत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी वापरावे लागते. ते जड असेल तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षारांचा थर बसतो. रस्त्यात अडचण आली आणि गॅरेज गाठायचे असेल, तर मिळेल ते पाणी घालणे क्षम्य आहे, मात्र नंतर ते काढून योग्य मिश्रण भरून घ्यावे. एरवी बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर वापरावे. पाणी ओतत राहण्याचा आणखी एक तोटा असा की, गळती किती वेगाने होते आहे याचा हिशेबच राहत नाही. त्यापेक्षा रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, टाकीवर मार्करने पातळीची खूण करावी.

गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडणे ही चूक जिवावर बेतू शकते. अनेक गाड्यांत हे झाकण ०.९ ते १.१ बार इतका दाब धरून ठेवते आणि त्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपासही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो, पाण्याची वाफ होते आणि ती तोंडावर, हातांवर येते. इंजिन थंड होऊ द्यावे, वरचा होजपाइप दाबल्यावर मऊ लागेपर्यंत थांबावे, आणि मगच जाड फडका धरून झाकण सावकाश सैल करावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. त्याने हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

गाडीखाली दिसणारे प्रत्येक ओले कूलंटच असते असे नाही. एसीचे पाणी रंगहीन आणि बिनवासाचे असते. कूलंट रंगीत, बोटांना बुळबुळीत लागणारे आणि गोडसर वासाचे असते. पावसाळ्यात पार्किंगची फरशी ओलीच असल्याने रात्री इंजिनाखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. आतील मॅट ओली होत असेल आणि काचेवर तेलकट धुके जमत असेल, तर गळती हीटरच्या कोअरमध्ये, म्हणजे डॅशबोर्डमागील छोट्या रेडिएटरमध्ये, असण्याचा संभव असतो.

शोध स्वस्त भागापासून सुरू करावा. झाकणाचे रबर कडक झाले की दाब टिकत नाही आणि कूलंट बाहेर पडू लागते. झाकण बदलायला खर्च फार येत नाही, तरी पुष्कळदा तेच शेवटी तपासले जाते. त्यानंतर होजपाइपची टोके, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा जोड आणि वॉटर पंप पाहावा. वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा रंगीत थर गळतीची जागा दाखवतो. पंपाच्या खालच्या बाजूस एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील खराब झाल्याची सूचना तेथून मिळते, म्हणून ते एम-सीलने बुजवू नये, पंप बदलावा. क्लिप अति आवळल्यास जुने प्लास्टिकचे तोंड तडकते, हेही ध्यानात ठेवावे. एवढे करून जागा सापडली नाही, तर गॅरेजमध्ये हातपंपाने दाब देऊन तपासणी करून घ्यावी.

गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव मी कोणालाही सुचवणार नाही. तो पदार्थ छिद्र बुजवतो तसाच रेडिएटरच्या आणि हीटरच्या अरुंद नळ्यांतही साचतो. पितळी रेडिएटर डाग देऊन दुरुस्त होत असत. ॲल्युमिनियमचा आणि प्लास्टिक टाक्यांचा रेडिएटर तडकला, तर तो बदलणेच हिताचे. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याचा सल्लाही मानू नये. त्याने गळती थांबत नाही, उलट इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते आणि इंधन जास्त जळते.

तापमानाच्या काट्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. कूलंट फार कमी झाले की सेन्सर द्रवाऐवजी हवेत किंवा वाफेत राहतो आणि इंजिन तापत असतानाही काटा खालीच दिसू शकतो. एसीची हवा अचानक कोमट झाली किंवा गोडसर वास आला, तर काटा काहीही सांगो, गाडी बाजूला घ्यावी.

केवळ रंग जुळतो म्हणून दुसरे कूलंट मिसळू नये. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकारच वापरावा. सांडलेले कूलंट लगेच पुसावे, कारण इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि गोड चवीमुळे सोसायटीतील मांजरे-कुत्री ते चाटतात.

बाहेर थेंबही दिसत नाही आणि पातळी मात्र उतरते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसतो किंवा टाकीत सतत बुडबुडे येतात, तेव्हा हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधील सील, खराब झाल्याचा संशय घ्यावा. अशी गाडी चालवत नेऊ नये, टो करून न्यावी. उशीर केल्यास हेड वाकते.

दुरुस्तीनंतर कूलंट भरताना आत अडकलेली हवा काढून घेतली आहे, याची खात्री करावी. त्यानंतरचे काही दिवस सकाळची खूण पाहत राहावे आणि पातळी स्थिर होईपर्यंत माळशेज घाट चढण्याचा बेत पुढे ढकलावा.