या चुका टाळा : ‘नी नो कुनी २’मध्ये राज्य चालवताना

एका रविवारी दुपारी मी ‘नी नो कुनी २’ या व्हिडिओ गेमच्या जंगलांमध्ये मनसोक्त भटकत होतो. राक्षस मारले, संदुका फोडल्या, एका म्हातारबाबांची हरवलेली वस्तू शोधून दिली. दोनेक तासांनी राजधानीत परतलो तर तिजोरी काठोकाठ भरलेली. खूश झालो. मग डोक्यात प्रकाश पडला, की ती केव्हाच भरली होती आणि त्यानंतरचा सगळा महसूल बुडाला होता. गच्चीवरची टाकी भरल्यावरही मोटर चालूच राहावी आणि पाणी गटारात जावं, तसं.

माझी पहिली चूक हीच. नवीन खेळणाऱ्यांशी बोलताना लक्षात येतं, की बहुतेकांची हीच असते.

ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘नी नो कुनी २ : रेव्हनंट किंगडम’ हा लेव्हल-५ या जपानी कंपनीचा खेळ. बंदाई नामकोने तो २३ मार्च २०१८ रोजी प्लेस्टेशन ४ आणि पीसीवर आणला, २०२१ मध्ये तो निन्टेन्डो स्विचवरही आला. डिंग डाँग डेल नावाच्या राज्यात बंड होतं, मांजरकानाचा लहानगा राजा इव्हान सिंहासन गमावतो. त्याच्या सोबतीला येतो रोलंड, आपल्यासारख्या जगातला एक राष्ट्राध्यक्ष, जो अचानक तिथे जाऊन पडलाय. सगळे सुखाने राहतील असं राज्य उभारायचं इव्हानच्या मनात बसतं आणि ओसाड माळावर एव्हरमोरची पायाभरणी होते.

सगळ्यांची गल्लत इथेच होते. गोष्ट एवढी रंगते की राज्य म्हणजे मधल्या वेळचा विरंगुळा वाटायला लागतो. ‘आधी कथा संपवू, मग निवांत घरं बांधू’ असं मीही ठरवलं होतं. पण इव्हानची गोष्ट म्हणजेच एव्हरमोरची गोष्ट. राज्याकडे पाठ फिरवलीत तर कथा मध्येच दार लावून घेते आणि सांगते, आधी अमुक इमारत उभी करा, तमुक संशोधन पुरं करा, मग पुढे या. हे दार लागतं तेव्हा हातात पैसे नसतात, माणसं नसतात, आणि मग पुढचे काही तास नुसती हमाली करावी लागते. मी केली आहे. कंटाळ्याने खेळ आठवडाभर बंद ठेवला होता.

दुसरा भाग म्हणजे पहिल्याचीच पुढची गोष्ट?

नाही. हा भाग पहिल्यानंतर शेकडो वर्षांनी घडतो. डिंग डाँग डेल हे नाव तेच, माणसं वेगळी. त्यामुळे ‘पहिला संपवल्याशिवाय दुसरा लावणार नाही’ असा हट्ट धरायचं काही कारण नाही. उलट पहिला खेळून आलेल्यांनाच जास्त ठेच लागते. पहिल्या भागातली अॅनिमेशनची दृश्यं स्टुडिओ घिबलीने केली होती, दुसऱ्यात घिबलीचा थेट हात नाही. पूर्वी घिबलीत काम केलेले योशियुकी मोमोसे यांनी पात्रं रेखाटली आहेत आणि संगीत जो हिसाइशींचंच आहे, त्यामुळे चव ओळखीची वाटते. पण लढाई पार वेगळी आहे. तिथे पाळीव प्राण्यांना पुढे करून लढायचं असे, इथे स्वतः पळायचं, चुकवायचं, मारायचं. जुन्या सवयीने मेनू उघडून विचार करत बसाल तर तेवढ्यात आडवे व्हाल.

तिजोरीकडे वारंवार जा, थोडाच वेळ जा

राज्याचा महसूल खऱ्या वेळेनुसार जमा होतो, पण खेळ चालू असतानाच. तिजोरीला मर्यादा आहे. ती गाठली की पुढचं काहीच जमत नाही. कोठारातल्या लाकूड, दगड, भाजीपाल्याचीही तीच गत.

उपाय सोपा आहे. कुठलंही एक काम संपलं की एव्हरमोरला चक्कर मारायची. नकाशावरून क्षणात जाता येतं, पायपीट नाही. तिजोरी रिकामी करायची, कोठार रिकामं करायचं, जमलेले पैसे एखाद्या इमारतीत किंवा संशोधनात घालायचे आणि निघायचं. जास्तीत जास्त पाच मिनिटं. एकदम तीन तास राज्य चालवण्यापेक्षा अशा दहा फेऱ्या कितीतरी फायद्याच्या. गॅसवर दूध ठेवल्यावर आपण दुसऱ्या खोलीत जातो, पण कान तिकडे असतो ना, तेवढंच.

जमवून ठेवायची सवय मात्र सोडा. मला सुरुवातीला वाटायचं, मोठी रक्कम साठू दे, मग एकदम काहीतरी भव्य बांधू. चूक. जितक्या इमारती, तितका राज्याचा प्रभाव आणि तितका महसूल. सुरुवातीला छोट्या छोट्या इमारती उभारत गेलात तर पुढे मोठ्या परवडतात. लांबचं संशोधन गुहेत किंवा मोहिमेवर निघण्याआधी लावून ठेवा म्हणजे परत येईपर्यंत ते पिकलेलं असतं. जेवायला उठताना खेळ चालू ठेवला तरी काम सरकतं. आईने एकदा विचारलं, कोणी बघत नाहीये तर टीव्ही कशाला चालू? म्हटलं, राज्य चाललंय. तिने मुकाट्याने बंद केला.

दोन नाणी, एकच गोंधळ

‘माझ्याकडे हजारो गिल्डर आहेत, तरी इमारत का बांधता येत नाही?’ हा प्रश्न फार जण विचारतात. दुकानात तलवारी, औषधं घ्यायचं नाणं वेगळं आणि राज्याचं नाणं, किंग्जगिल्डर, वेगळं. राक्षस मारून मिळतं ते पहिलं. दुसरं मुख्यतः राज्याच्या तिजोरीतून येतं. म्हणजे पैशासाठी राक्षसांमागे धावणं इथे कामाचं नाही, वर सांगितलेल्या फेऱ्याच कामाच्या.

त्याच्या जोडीची आणखी एक चूक म्हणजे कच्चा माल विकून टाकणं. सुरुवातीला हातात चार पैसे यावेत म्हणून लोकर, खनिजं, मसाले विकले जातात. मग पुढे किरकोळ कामं देणाऱ्या स्विफ्ट सोल्यूशन्सच्या काउंटरवर नेमकं तेच मागतात आणि आपण पुन्हा रानोमाळ.

माणसं : ज्यांना आपण टाळतो तेच लागतात

एव्हरमोरमध्ये राहायला आणता येतील असे शंभरहून अधिक लोक या जगात विखुरलेत. त्यातले बहुतेक छोट्या कामांमधून मिळतात: याला ते आणून दे, त्याला तिथपर्यंत सोड. ही कामं कधी कधी कंटाळवाणी आहेत, हे खोटं बोलून लपवण्यात अर्थ नाही. पण बहुतेक कामांच्या शेवटी एक माणूस एव्हरमोरला येतो, आणि राज्याची पातळी वाढवायला ठराविक संख्येने नागरिक लागतातच. त्यामुळे कथेच्या नादात ही कामं नाकारत गेलात तर सगळी थकबाकी एका अध्यायावर येऊन आदळते. मी एका संध्याकाळी ओळीने आठ कामं केली. शेवटच्या दोघांचे चेहरेही आठवत नाहीत.

त्यापेक्षा एखादं शहर कथेत आलं की तिथली दोन-तीन कामं लगेच उरकावीत. फासे टाकून करापासून निवाड्यापर्यंत सगळं ठरवणाऱ्या गोल्डपॉ शहरात हिंडतानाच तिथली माणसं भेटतात, तेव्हा ती कथेचा भाग वाटतात. नंतर यादी घेऊन गेलात की ती हजेरीपटावरची नावं होतात. स्विफ्ट सोल्यूशन्सची किरकोळ कामं करून मिळणाऱ्या कृतज्ञतेच्या टोकनांवरही काही नागरिक मिळतात, ते विसरू नका.

माणूस आला की त्याला योग्य ठिकाणी बसवा. प्रत्येकाचा कल वेगळा असतो आणि काही संशोधनाला विशिष्ट कौशल्याचीच माणसं लागतात. शेतीतल्या माणसाला शस्त्रांच्या कारखान्यात बसवून ‘संशोधन का अडकलंय’ म्हणत बसू नका. आपल्याकडच्या बदल्यांची मजा इथे कशाला?

एक संशोधन मात्र लांबवू नका. ‘स्प्रिंग लॉक’ हे मंत्रविद्येच्या इमारतीतलं संशोधन झालं की जगभरच्या कुलूपबंद संदुका उघडता येतात. त्या रस्त्यात सतत दिसतात, आणि प्रत्येक वेळी हात चोळत पुढे जाणं फार त्रासाचं असतं.

सैन्याची लढाई : इथे सगळे आपटतात

नकाशावर काही ठिकाणी छोटे झेंडे दिसतात. तिथे इव्हान एकटा लढत नाही, त्याच्याभोवती चार तुकड्या असतात आणि समोर शत्रूच्या तुकड्या. पहिल्यांदा मला वाटलं, सगळ्यांना घेऊन धावत घुसायचं. दोन मिनिटांत माझं सैन्य साफ. पुन्हा तेच केलं. पुन्हा साफ. तिसऱ्यांदा थांबलो, तेव्हा कळलं की सगळी लढाई फिरवण्यात आहे.

तलवार हातोड्यावर भारी, हातोडा भाल्यावर, भाला तलवारीवर. हा त्रिकोण पाठ करा, नाहीतर समोरच्या तुकडीच्या डोक्यावरच्या खुणांकडे बघा. तुकड्या इव्हानभोवती फिरवता येतात, प्लेस्टेशनवर एल१ आणि आर१ने. समोरून भालेवाले आले तर हातोडेवाले पुढे आणायचे. त्यांना संपवल्यावर मागून तलवारवाले आले तर पुन्हा फिरवायचं, भालेवाले पुढे. धावत घुसताना हे जमत नाही, म्हणून घाई नको. धनुर्धारी किंवा मंत्रवाले असतील तर त्यांना मागे ठेवा. लांबून मारतात, पण अंगावर शत्रू आला की कोसळतात.

दुसरी चूक म्हणजे कुमक. लढाईत सैनिक घटले की लष्करी बळ खर्चून ते भरून काढता येतात. मी सुरुवातीला प्रत्येक जखमेवर मलम लावल्यासारखी कुमक मागवायचो आणि शेवटच्या लाटेला खिसा रिकामा. आता तुकडी अर्धी झाल्याशिवाय हात लावत नाही.

एवढं करूनही हरत असाल तर तुमची चाल बहुधा ठीक आहे, तुकड्यांची पातळी कमी आहे. जुन्या, सोप्या लढाया परत लढता येतात, त्यातून तुकड्या चढतात. आणि बराकींमधलं संशोधन मागे पडलंय का तेही बघा. इथे राज्य आणि रणांगण एकमेकांना किती चिकटलेले आहेत ते कळतं.

‘झिंग’ चढू द्या

मुख्य लढाईत प्रत्येकाकडे तीन शस्त्रं असतात आणि प्रत्येक शस्त्राचं एक माप भरत जातं. त्या मापाचं नाव आहे झिंग. मराठी माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १०० टक्के झिंग चढलेल्या शस्त्राने विशेष वार केला तर तो कितीतरी जोरात बसतो. बहुतेक लोक एकच आवडतं शस्त्र वापरत राहतात आणि बाकी दोन झिंगून तशीच पडून राहतात. शस्त्र बदलत राहा, भरलेल्याने वार करा. मंत्रशक्ती संपत आली की दूर पळून औषध शोधू नका, जवळ जाऊन साधे वार करा, तीही भरते.

हिगल्डी नावाची चिमुकली भुतं तुमच्याभोवती घोळक्याने फिरत असतात. ती शोभेची नाहीत. त्यांचं वर्तुळ उमटलं की तिथे पळत जाऊन बटण दाबायचं, मग ती तोफ चालवतात, जखमा भरतात. चार गटांत एक तरी बरं करणारा असू द्या. टॅक्टिक ट्वीकरकडे तर लोक ढुंकूनही बघत नाहीत. लढून मिळालेले गुण तिथे घालून विष, झोप, आग यांपासून बचाव वाढवता येतो, अनुभव जास्त मिळावा की सामान, तेही ठरवता येतं. एखादा राक्षस सारखा झोपवत असेल तर शिव्या देण्याआधी तिथे जाऊन या.

खेळ फार सोपा वाटतोय? तो मूळचाच सोपा होता, त्याबद्दल तक्रारीही झाल्या. नंतरच्या अपडेटमध्ये हार्ड आणि एक्सपर्ट या पातळ्या आल्या. सेटिंगमध्ये बघा.

लाल धोक्याकडे धाव नको

नकाशावर कुठे कुठे काळवंडलेले, डागाळलेले राक्षस उभे दिसतात. कथेच्या वाटेत नाहीत, पण डोळ्यांत भरतात. त्यांच्या डोक्यावरची पातळी वाचा. तुमच्यापेक्षा दहा जास्त असेल तर नमस्कार करून पुढे जा, चार-पाच तासांनी परत या.

जगात ठिकठिकाणी सापडणाऱ्या जादूच्या स्वप्नदारांमधल्या (ड्रीमर्स डोअर) चक्रव्यूहात मात्र वेगळीच फसगत होते. आत शिरल्यावर जितका वेळ घालवाल तितकी धोक्याची पातळी चढत जाते आणि राक्षस तगडे होत जातात. प्रत्येक कोपरा तपासत फिरणाऱ्याला याचा फटका सगळ्यात जास्त बसतो. आत मिळणारे गोळे मूर्तींपुढे वाहिले की धोका उतरतो. ते साठवत बसू नका, पाचवा मजला आला की एकदा तरी वाहा.

आणि हो, निघण्याआधी तिजोरी रिकामी करून जा.