आमटीतली डाळ आधी मोजा

"रोज दोन्ही वेळा आमटी असते आमच्याकडे, प्रोटीन कमी कसं पडेल?" असं मी आहारतज्ज्ञ बाईंना जरा ठसक्यातच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "चौघांच्या आमटीला डाळ किती घेता?" घरी येऊन काट्यावर ठेवली. वाटीभर डाळ, 100 ग्रॅम. तुरीच्या एवढ्या डाळीत प्रोटीन साधारण 22 ग्रॅम, म्हणजे माणशी साडेपाच. बाकी पाणी, चिंच-गूळ आणि फोडणी!

निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं, असं आयसीएमआर-एनआयएनने, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेने, 2020 मध्ये सांगितलंय. माझं वजन 55 किलो, म्हणजे साधारण 46 ग्रॅम. (किडनीचं दुखणं असेल तर हे गणित डॉक्टरांवर सोडा.)

तेव्हा पहिलं काम म्हणजे आठवडाभर डाळ-कडधान्य कोरडंच मोजायचं. भिजवल्यावर मोजाल तर फसाल. 40 ग्रॅम मटकीला मोड आले की वाडगं भरतं, पण वाढलेलं वजन पाण्याचं. प्रोटीन तेच, नऊ ग्रॅमच्या आसपास. मी माणशी एवढी मटकी धरते. सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात बांधायची. थंडीत मोड यायला एक दिवस जास्त लागतो, तेव्हा पुरचुंडी पिठाच्या डब्याशेजारी उबेला ठेवते. पोटात वारा धरत असेल तर फोडणीत हिंग सढळ हाताने घाला आणि सुरुवात अर्ध्या वाटीने करा.

आता माझा दिवस. सकाळी पोह्यांऐवजी आठवड्यातून चारदा बेसनाची धिरडी. 50 ग्रॅम पिठात 11 ग्रॅम. दुपारी दोन भाकरी, ज्वारीचं पीठ 100 ग्रॅम, म्हणून 10. सोबत उसळ 9, वाटीभर दही 3. चार वाजता मूठभर फुटाणे, 6. रात्री घट्ट वरण, माणशी 25 ग्रॅम डाळीचं, आणि भात. दोन्ही मिळून 9. दाण्याची चटणी दोन चमचे, 3. झाले 51. शाकाहारी जेवणातलं सगळं प्रोटीन अंगी लागत नाही, म्हणून चार-पाच ग्रॅम वर असलेले बरे. भाकरीसोबत उसळ हवीच, कारण धान्यात लायसिन हा प्रोटीनचा एक आवश्यक घटक कमी असतो आणि ती उणीव कडधान्य भरून काढतं.

ताकाचंही आमटीसारखंच. वाटीभर दह्याचं तांब्याभर ताक केलं तरी प्रोटीन वाटीभर दह्याचंच.

खरी पंचाईत उपासाच्या दिवशी. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. म्हणून मी आता वरीचा भात आणि दाण्याची दाट आमटी करते, रात्री राजगिऱ्याची भाकरी आणि दूध. आमच्या ह्यांना मात्र खिचडीच लागते. मग त्यांच्या खिचडीत कूट दुप्पट घालते. दाण्यांमुळे तेलकट होते म्हणून कुरकुरतात, पण ताटली पुसून खातात.