सहा महिन्यांचे डॉक्टर, अठरा वर्षांचे पेशंट

इंग्लंडमध्ये मुलांच्या हॉर्मोन विभागात लोकम (तात्पुरत्या बदलीचे) कन्सल्टंट म्हणून यावं का, असं पुण्या-मुंबईत फेलोशिप संपवत आलेले बालरोगतज्ज्ञ मला हल्ली बरेचदा विचारतात. पैसे, व्हिसा, परीक्षा हे प्रश्न आधी येतात. त्यांची उत्तरं सरळ आहेत, म्हणून ती मी लवकर उरकते. खरी अडचण वेगळी आहे. या विभागात मूल अनेकदा काही दिवसांचं असताना येतं आणि मोठ्यांच्या विभागात जाईपर्यंत सोळा-अठरा वर्षं तिथेच राहतं. त्यातले सहा महिने तुमचे. कुणीतरी बाळंतपणाच्या रजेवर असतं किंवा निवृत्त झालेल्या डॉक्टरांच्या जागी कायमचं माणूस मिळालेलं नसतं, म्हणून तुम्ही तिथे असता.

आधी कागदपत्रं. जीएमसीची (ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेची) नोंदणी हवीच. एमआरसीपीसीएच (बालरोगाची ब्रिटिश परीक्षा) पूर्ण असेल तर प्लॅब (परदेशी डॉक्टरांची परीक्षा) द्यावी लागत नाही. कायम कन्सल्टंट व्हायला स्पेशालिस्ट रजिस्टरवर नाव लागतं. लोकमला कायद्याने ते सक्तीचं नाही, मात्र बरीच हॉस्पिटलं ते असलेलं पसंत करतात. व्हिसावर असाल तर एजन्सीच्या मागे लागू नका. स्किल्ड वर्कर व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो, त्यामुळे ट्रस्टने (हॉस्पिटल चालवणाऱ्या सरकारी संस्थेने) स्वतः दिलेला ठरावीक मुदतीचा करारच तुमच्या कामाचा. एजन्सीचे तासाचे दर ऐकून डोळे दिपतात, पण त्यात एनएचएसची (सरकारी आरोग्यसेवेची) पेन्शन नाही आणि भरपगारी आजारपणाची रजाही नाही. माझं मत विचाराल तर थेट कन्सल्टंट म्हणून येऊच नये. आधी वर्षभर क्लिनिकल फेलो म्हणून, कन्सल्टंटच्या हाताखाली, काम करा. औषधशास्त्र तेच आहे, पण जीपी (कुटुंबाचे डॉक्टर), सोशल वर्कर, शाळा आणि बालसंरक्षण यांचं जाळं पुस्तकातून कळत नाही. मूल अपॉइंटमेंटला आलं नाही तर इथे ‘आलं नाही’ असं न लिहिता ‘आणलं गेलं नाही’ असं लिहितात, आणि दोन-तीनदा तसं झालं की चौकशी करणं तुमच्या कामाचाच भाग असतो.

रुजू होण्याआधी लॉगिनचं विचारून घ्या. नुसतं हॉस्पिटलच्या संगणकाचं नाही; लिब्रेव्ह्यू, क्लॅरिटी, ग्लूको, केअरलिंक या ग्लुकोज सेन्सर आणि इन्सुलिन पंपाचे आकडे दाखवणाऱ्या सगळ्या प्रणालींची खाती वेगळी असतात. ती डायबेटिस नर्स उघडून देते, आयटी विभाग नाही. पहिल्या क्लिनिकमध्ये पंपाचा आलेख दिसत नसेल तर तुम्ही त्या मुलाशी हवापाण्याच्या गप्पाच मारू शकता.

एककंही बदलतात. ग्लुकोज मिलिमोलमध्ये, म्हणजे आपल्या आकड्याला १८ ने भागायचं. कॉर्टिसॉल नॅनोमोलमध्ये, तिथे २७.६ ने गुणायचं. आपले १८ मायक्रोग्रॅम म्हणजे त्यांचे साधारण ५००. एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.५ टक्के म्हणजे ४८. रात्री दोनला रजिस्ट्रार फोनवर ‘कॉर्टिसॉल ९०’ म्हणतो तेव्हा तो आकडा फारच कमी आहे हे गणित न करता कळलं पाहिजे. सुरुवातीचे आठवडे मनात रूपांतर करत बसण्यापेक्षा त्यांचेच आकडे पाठ करणं सोपं जातं.

आता उंचीच्या क्लिनिककडे येते, कारण लोकमची खरी कसोटी तिथे लागते. वाढीचा वेग ठरवायला दोन मोजमापांमध्ये किमान सहा महिने, खरं तर वर्षभर अंतर लागतं. म्हणजे नव्याने आलेल्या मुलाच्या आलेखावर तुम्ही एक ठिपका काढणार आणि दुसरा ठिपका पडेल तेव्हा तुम्ही नसणार. अशा वेळी हात शिवशिवतात. वाटतं, आपण आहोत तोवर ग्रोथ हॉर्मोनची चाचणी उरकून टाकू, काहीतरी निकाल लावू. तो मोह आवरा. उत्तेजक देऊन केलेल्या या चाचणीत धडधाकट मुलंही नापास होतात. पौगंडावस्था सुरू न झालेल्या मोठ्या मुलांत तर जास्तच. म्हणून त्यांना आधी काही दिवस इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन देऊन मग चाचणी करण्याची इथे पद्धत आहे. गडबडीत केलेली चाचणी कमी आली की पुढच्या कन्सल्टंटला ती नाकारता येत नाही आणि मुलाला वर्षानुवर्षं सुई बसते. त्यापेक्षा जुने ठिपके शोधा. इथे जन्मलेल्या प्रत्येक मुलाकडे लाल रंगाचं आरोग्य-पुस्तक असतं. शाळेत प्रवेशाच्या वर्षी घेतलेली उंची सापडते. घरच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने ओढलेल्या रेघासुद्धा मी विचारते.

आई-वडिलांची उंची स्वतः मोजा. बाप लोक सांगताना दोन-तीन सेंटिमीटर सहज वाढवतात, यात देशोदेशी काही फरक नाही.

आलेख वेगळे असतात हेही ध्यानात ठेवा. आपल्याकडे २०१५ चे आयएपीचे (भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे) तक्ते वापरतात, ज्यांच्या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. त्यात सर्वांत खालची रेघ ३ ची, म्हणजे शंभरांतली तीन मुलं तिच्याखाली. ब्रिटिश तक्त्यावर नऊ रेघा असतात आणि तळाची ०.४ ची. त्या रेघेखालचं मूल तपासणीला पाठवायचंच, असा इथला साधारण दंडक आहे. पण आईची उंची १४८ आणि वडिलांची १६० असलेलं एखादं मराठी किंवा गुजराती मूल तिथे रेंगाळत असेल, तर सगळ्या तपासण्यांची यादी लिहिण्याआधी आई-वडिलांकडे एकदा नीट पाहावं. मराठी घर असलं की एक प्रश्नही ठरलेला: “डॉक्टर, उंचीसाठी एखादं टॉनिक?”

अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीचा आजार असलेल्या मुलांचं उलट आहे. तिथे इतिहास पूर्ण माहीत नसतानाही पहिल्याच भेटीत जीव वाचवणारं काम करता येतं. जन्मजात सीएएच (या ग्रंथीत कॉर्टिसॉल नीट न बनण्याचा आजार) असलेलं किंवा पिट्यूटरी काम न करणारं मूल समोर आलं की चार गोष्टी विचारा. ताप आल्यावर हायड्रोकॉर्टिसोनचा डोस किती वाढवता? उलट्या होऊन गोळी पोटात टिकली नाही तर काय करता? इंजेक्शन घरात कुठे आहे? त्याची मुदत कधी संपते? इंजेक्शनचा आपत्कालीन डोस वयावर ठरतो: वर्षाच्या आत २५ मिलिग्रॅम, सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत ५०, त्यानंतर १००. मूल वाढतं, पण फ्रिजवर चिकटवलेला कागद तसाच राहतो. अशी जुनी पत्रं बदलून देणं हे लोकमचं सर्वांत उपयोगी काम, असं मला वाटतं. त्यासाठी आधीच्या डॉक्टरांची योजना तसूभरही हलवावी लागत नाही.

ऑन-कॉलला एक फोन कधी ना कधी येतोच. दोन आठवड्यांचा मुलगा, उलट्या, वजन उतरलेलं, सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. ब्रिटनमध्ये टाचेतून रक्त घेऊन सर्व नवजात बाळांची थायरॉइडची तपासणी होते, पण त्या यादीत सीएएच नाही. मुलींमध्ये बाह्य जननेंद्रियं वेगळी दिसल्याने संशय लवकर येतो. मुलगे मात्र वरवर अगदी ठीक दिसतात आणि असे कोसळून येतात. “इतक्या प्रगत देशात तपासणी होतच असेल” असं गृहीत धरून नवखे डॉक्टर निर्धास्त राहतात. तसं राहू नका. शक्य असेल तर उपचाराआधी १७-ओएचपीचं (सीएएच ओळखणाऱ्या चाचणीचं) रक्त घ्या, पण त्यासाठी हायड्रोकॉर्टिसोन अडवून धरू नका.

डायबेटिसबद्दल थोडक्यात, कारण तिथे घडी बसलेली असते. टाइप १ च्या प्रत्येक मुलाला वर्षातून किमान चार वेळा डॉक्टर, नर्स आणि आहारतज्ज्ञ अशा पूर्ण पथकाने पाहायचं असतं, चार एचबीएवनसी व्हायला हव्यात, चोवीस तास फोनवर सल्ला मिळायला हवा. हे केलं तरच विभागाला ठरलेले पैसे मिळतात, आणि राष्ट्रीय ऑडिटमध्ये प्रत्येक विभागाचे आकडे छापून येतात. डिसेंबर २०२३ मध्ये नाइसने (उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या सरकारी संस्थेने) टाइप १ च्या सर्व मुलांसाठी हायब्रिड क्लोज्ड लूपची, म्हणजे सेन्सर पाहून इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणाऱ्या पंपाची, शिफारस केल्यापासून निम्मं क्लिनिक पंपाच्या सेटिंगवरच जातं. त्यात डायबेटिस नर्स तुमच्यापेक्षा पुढे असते. कुठलं घर मोडकळीला आलंय, कुठली मुलगी वजनाच्या धास्तीने इन्सुलिन चुकवते, हे तिला ठाऊक असतं आणि कागदावर नसतं. क्लिनिकआधी तिच्याबरोबर यादीवरून नजर फिरवा. कीटोअॅसिडोसिसमध्ये (इन्सुलिनअभावी रक्त आम्ल होतं तेव्हा) भिंतीवरचा तक्ता पाळा, आपल्या कॉलेजचा नको. सलाइन सुरू केल्यानंतर एक ते दोन तासांनी इन्सुलिन.

टीचिंग हॉस्पिटल म्हटलं की मागे विद्यार्थी असतातच. त्यांना अंडकोषाचा आकार मोजायची प्रेडरची मण्यांची माळ फार आवडते: बारा मणी, १ ते २५ मिलिलिटर, ४ चा मणी जुळला की मुलाची पौगंडावस्था सुरू. पण चौदा वर्षांच्या मुलाला पाच अनोळखी चेहऱ्यांसमोर तपासू नका. आधी त्याला एकट्याला विचारा. तो ‘नको’ म्हणाला तर विद्यार्थी बाहेर, आई ‘चालेल’ म्हणाली तरी. शेजारी सोबतीला नर्स हवी आणि तिचं नाव नोंदीत हवं.

बाकी तुमचं काम म्हणजे पत्रं. इथे पत्र थेट कुटुंबाला उद्देशून लिहायची पद्धत रुजते आहे, प्रत जीपीला. त्यात काय केलं याच्याइतकंच काय केलं नाही आणि का, हेही लिहा: “ग्रोथ हॉर्मोनची चाचणी आज ठरवलेली नाही, सहा महिन्यांनी उंची वर्षाला चार सेंटिमीटरच्या बेताने वाढलेली दिसली नाही तर करावी.” तुमच्यानंतर येणाऱ्या माणसाला या एका वाक्याने अर्धा तास वाचतो. पहिल्या दोन महिन्यांत कुणाचीही चालू औषधं तत्त्वासाठी बदलू नका. धोका दिसला तरच हात घाला.

निघण्याआधी वार्षिक अप्रेजल तिथेच करून घ्या आणि सहकारी व पेशंट यांचा अभिप्राय हातात घ्या. दर पाच वर्षांनी होणाऱ्या रिव्हॅलिडेशनला (परवान्याच्या फेरतपासणीला) ते लागतं, आणि हॉस्पिटल सोडल्यावर मेलला उत्तर येत नाही. एमडीयू किंवा एमपीएस या डॉक्टरांना कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थांचं संरक्षण स्वतःच्या खर्चाने चालू ठेवा. एनएचएस भरपाईचे दावे सांभाळते, जीएमसीपुढची तक्रार नाही.

शेवटच्या आठवड्यात बाकी राहिलेल्या निकालांची यादी करून नाव घेऊन एका माणसाकडे सोपवा, ‘विभागाकडे’ नको. जेनेटिक तपासणीचा अहवाल यायला कधी कधी कित्येक महिने लागतात आणि तो मागणाऱ्या डॉक्टरच्या नावाने येतो. म्हणून पहिल्या दिवसापासून त्या फॉर्मवर तुमच्या नावाखाली एका कायम कन्सल्टंटचंही नाव घालत जा.