नवतप्यात टिकणारा छोटा पीसी: गेमिंग आणि म्युझिकसाठी पार्ट कसे निवडावेत

नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात तेव्हा कूलर बंद असलेली खोली ३८-४० अंशांवर सहज जाते. इंटरनेटवरचे बहुतेक रिव्ह्यू मात्र २० ते २५ अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. प्रोसेसरवरचा कूलर चिपला खोलीच्या तापमानापेक्षा अमुक इतके अंश वर ठेवतो, त्याहून जास्त काही त्याच्या हातात नसतं. त्यामुळे रिव्ह्यूत ७८ अंश दाखवणारी चिप इथे भर दुपारी ९२-९३ वर जाते. छोट्या कॅबिनेटसाठी पार्ट निवडताना रिव्ह्यूतल्या प्रत्येक तापमानात १५ मिळवा आणि मगच तुलना करा. मशीन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, चाललं तर वर्षभर चालतं. शिवाय १४ एप्रिलच्या भीमगीतांचं काम येतं तेही ऊन तापायला लागल्यावरच.

आधी नेमकं काय कमी पडतंय ते बघा

गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड कमी पडतंय. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतोय आणि तरी फ्रेम वाढत नाहीत, तर प्रोसेसर किंवा रॅम अडवतेय.

म्युझिकचं गणित वेगळं आहे आणि इथेच बहुतेकांचे पैसे चुकीच्या जागी जातात. संगणक आवाज छोट्या तुकड्यांत तयार करतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद. दर २.७ मिलिसेकंदांत सगळ्या प्लगइनचं (आवाजावर इफेक्ट देणाऱ्या किंवा वाद्यं वाजवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचं) काम संपलंच पाहिजे. एकदा जरी उशीर झाला तरी आवाजात कट्ट होतं. एका ट्रॅकवर एकामागून एक लावलेले प्लगइन सहसा एकाच कोअरवर चालतात, कारण पुढच्याला मागच्याचं आउटपुट लागतं. म्हणून टास्क मॅनेजर ३० टक्के दाखवत असतानाही आवाज फुटू शकतो: एक कोअर भरलेला, बाकीचे रिकामे. अशा वेळी १६ कोअरचा प्रोसेसर घेऊन काही साधत नाही, वेगवान कोअर असलेला ८ कोअरचा घ्यावा. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर परफॉर्मन्स मीटर उघडून कोणता ट्रॅक किती खातोय ते बघता येतं.

प्रोसेसर मोकळा असूनही आवाज फुटत असेल तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा असतो. लेटन्सीमॉन हे फुकट सॉफ्टवेअर १५ मिनिटं चालू ठेवा. यादीत एनव्हिडियाचा ड्रायव्हर वर आला तर तो नव्याने टाका, एनडीआयएस (नेटवर्कचा ड्रायव्हर) वर आला तर रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद करा. नवा पार्ट न घेताही त्रास इथेच मिटण्याची शक्यता बरीच असते. एएम४ (एएमडीच्या आधीच्या सॉकेटचा) बोर्ड असेल आणि गेममध्ये, गाण्यात अधूनमधून सेकंदभर सगळं अडखळत असेल, तर बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, २०२२ च्या मे महिन्याआधीचं आहे का ते तपासा. त्या काळात एफटीपीएम या सुरक्षेच्या सोयीमुळे हा दोष येत होता आणि एएमडीने तो बायोसमधूनच दुरुस्त केला.

कॅबिनेट आणि बोर्ड

छोट्या कॅबिनेटमधला मिनी आयटीएक्स बोर्ड १७० बाय १७० मिमीचा असतो. त्यावर रॅमचे दोन स्लॉट आणि पीसीआय एक्सप्रेसचा एकच मोठा स्लॉट. तो ग्राफिक्स कार्डाला गेला की साउंड कार्डाला जागा उरत नाही, म्हणजे ऑडिओ इंटरफेस (माइक आणि स्पीकर संगणकाला जोडणारी पेटी) यूएसबीचाच घ्यावा लागणार. जुनं पीसीआय एक्सप्रेसचं साउंड कार्ड वापरायचंच असेल तर २४४ मिमीचा मायक्रो एटीएक्स बोर्ड घ्या आणि कॅबिनेट थोडं मोठं ठेवा.

१० लिटरच्या कॅबिनेटचा मोह इथल्या हवेत टाळावा. १५ ते २० लिटर ही योग्य जागा. उदाहरणार्थ कूलर मास्टरचं एनआर२००, साधारण १८ लिटरचं, त्यात उंच टॉवर कूलर बसतो. काचेच्या झाकणाऐवजी जाळीचं झाकण लावा. कार्ड उभं करून रायझर केबलवर लावणारं कॅबिनेट असेल तर केबल पीसीआय एक्सप्रेसच्या कोणत्या पिढीची आहे ते विचारा. तिसऱ्या पिढीची केबल चौथ्या पिढीच्या बोर्डावर लावली की स्क्रीन काळी पडते किंवा गेम मधेच बंद होतो. बायोसमध्ये स्लॉट जेन ३ (तिसरी पिढी) वर सेट केला की ती चालते.

प्रोसेसर

जवळ एएम४ बोर्ड आणि ३२ जीबी डीडीआर४ असेल तर सगळं बदलण्याची घाई करू नका. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, त्यामुळे नव्या बोर्डासोबत डीडीआर५ घेणं फार महाग पडतं. त्याच बोर्डावर एएमडीचा ८ कोअरचा रायझेन ५७००एक्स बसवला की गाण्याचं काम छान चालतं. ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी मिळाला तर गेमसाठी आणखी चांगलं. महत्त्वाचं एवढंच की बायोस जुना प्रोसेसर काढायच्या आधी अपडेट करा. नवा बसवल्यावर स्क्रीनच आली नाही तर परत सगळं उकलावं लागतं.

नव्यानेच घ्यायचं असेल तर एएम५ या एएमडीच्या नव्या सॉकेटवर रायझेन ७७०० किंवा ९७००एक्स. दोन्ही ६५ वॉटचे म्हणून विकले जातात, प्रत्यक्षात ८८ वॉटपर्यंत ओढतात. गेमला प्राधान्य असेल तर ७८००एक्स३डी. त्यावर १२० वॉट लिहिलेलं असलं तरी गेममध्ये तो त्याहून बराच कमी घेतो. ७७००एक्स स्वस्तात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण बायोसमध्ये ६५ वॉटचा इको मोड (वीज मर्यादित ठेवणारा) लावा. मग वीज १४२ वरून ८८ वॉटवर येते, वेग किंचितच घटतो आणि पंखा शांत राहतो. माइक त्याच खोलीत असतो, त्यामुळे हा शांतपणा फार मोलाचा.

इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा मोठा प्रोसेसर सेकंडहँड मिळत असेल तर सावध राहा. या चिपा जास्त व्होल्टेजमुळे कायमच्या खराब होत होत्या. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या मायक्रोकोडने (बायोस अपडेटमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या दुरुस्तीने) पुढचं नुकसान थांबतं, आधी झालेलं भरून येत नाही.

कूलरची उंची कॅबिनेटच्या मापात बसते का हे बघताना रॅमचीही उंची मोजा. ४४ मिमीची शोभेची रॅम बुटक्या कूलरखाली अडकते, ३३ मिमीच्या आसपासची साधी रॅम घ्या. ३७ किंवा ४७ मिमीचे बुटके कूलर ८८ वॉटला मे महिन्यात पुरत नाहीत. कमीत कमी ७० मिमी, आणि जागा असेल तर १२० मिमी पंख्याचा टॉवरच.

रॅम आणि एसएसडी

स्लॉट दोनच आहेत, म्हणून आज एक आणि पुढे एक असं करू नका. १६ च्या दोन, म्हणजे ३२ जीबी. ऑर्केस्ट्राच्या मोठ्या लायब्ररी वापरत असाल तर ३२ च्या दोन. एएम५ ला ६००० वेगाची, सीएल३० ची (सीएल म्हणजे रॅमच्या प्रतिसादाला लागणारा उशीर) जोडी सगळ्यात सोयीची. एक्स्पो (रॅम तिच्या लिहिलेल्या वेगावर चालवणारं बायोसमधलं सेटिंग) चालू केल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. बोर्ड रॅम जुळवून घेत असतो, तेवढ्यात वीज बंद करू नका.

एसएसडी दोन ठेवा: १ टीबी विंडोज आणि गेमसाठी, २ टीबी सॅम्पलसाठी. चौथ्या पिढीची पुरते. पाचव्या पिढीची जास्त तापते आणि तबला-ढोलकीचे सॅम्पल वाचायला तिचा काही उपयोग नाही, कारण ते वाचन लहान लहान तुकड्यांत होतं. आयटीएक्स बोर्डावर दुसरा स्लॉट बहुतेक वेळा मागच्या बाजूला असतो. तिथे वारा लागत नाही आणि पुढे हात पोचवायचा तर सगळा बोर्ड काढावा लागतो. म्हणून मागे सॅम्पलची एसएसडी लावा, ती मुख्यतः वाचलीच जाते.

ग्राफिक्स कार्ड

गाण्याच्या कामाला कार्ड जवळजवळ लागतच नाही, तेव्हा हा खर्च गेमचा समजून ठरवा. १६० ते २२० वॉट ही छोट्या कॅबिनेटची झेपेल अशी मर्यादा. १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी किंवा १६ जीबीचं आरटीएक्स ५०६० टीआय, दोन पंख्यांचं, दोन स्लॉट जाडीचं. ८ जीबीचं घेऊ नका. मेमरी भरली की कार्ड पीसीआय एक्सप्रेसवरून साध्या रॅमकडे धावतं आणि गेम झटके खातो. बी४५० सारख्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर हा त्रास जास्त. ५०६० टीआय पीसीआय एक्सप्रेसच्या आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, ९०६० एक्सटी सोळा, म्हणून जुन्या बोर्डाला ९०६० एक्सटी बरं.

माप घेताना कॅबिनेटच्या पत्रकातल्या लांबीतून समोरच्या पंख्याचे २५ मिमी वजा करा. कार्डाला नवा बारीक १६ पिनचा कनेक्टर असेल तर केबल कनेक्टरपासून ३५ मिमी सरळ राहिली पाहिजे. झाकणाने ती दाबली गेली तर पिना तापून वितळण्याचा धोका असतो. साध्या ८ पिनच्या कनेक्टरला ही काळजी कमी. कमी लोडवर पंखे पूर्ण थांबणारं कार्ड निवडा. कार्डाची किणकिण माइकमध्ये येत असेल तर फ्रेमला मर्यादा घाला, बरीच कमी होते.

वीज, अर्थिंग आणि आवाजातली घरघर

एसएफएक्स या छोट्या मापाचा, गोल्ड दर्जाचा ६५० वॉटचा पॉवर सप्लाय वरच्या कार्डांना पुरेसा आहे. जुन्या सप्लायच्या मॉड्युलर केबली नव्याला कधीही लावू नका. कनेक्टर सारखा दिसतो, पिनांची मांडणी वेगळी असते आणि एसएसडी-हार्डडिस्क क्षणात जळते.

गेमच्या वेळी असं मशीन ३०० ते ३५० वॉट घेतं, मॉनिटर वेगळा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा, म्हणजे काठावर. १००० व्हीए किंवा वरचा घ्या, शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर हवं. चांगला सप्लाय वीज गेल्यावर १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो आणि साध्या मोडमध्ये इन्व्हर्टरला त्याहून जास्त वेळ लागतो. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका, घरघर हमखास येते.

महाल, इतवारीतल्या जुन्या घरांत अर्थिंग आहे असं गृहीत धरू नका. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या; २-३ व्होल्टच्या आत हवा. अर्थ नसेल तर सप्लायमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर वीज उतरते, हाताला झिणझिण्या येतात आणि तीच स्पीकरमध्ये हम म्हणून ऐकू येते. अर्थिंग ठीक असूनही माउस हलवताना चिरचिर येत असेल तर इंटरफेस ते स्पीकर बॅलन्स्ड टीआरएस केबल (बाहेरची खरखर कापणारी तीन जोडांची) वापरा. इंटरफेस बोर्डाच्या मागच्या यूएसबी पोर्टलाच जोडा, हबला किंवा समोरच्या पोर्टला नको.

खरेदी आणि जागा

नागपुरातल्या सीताबर्डीवरच्या दुकानांत कॅबिनेट आणि कूलर प्रत्यक्ष हातात घेऊन मोजता येतात, हा मोठा फायदा. मोजपट्टी सोबत न्या. आयटीएक्स बोर्ड आणि एसएफएक्स सप्लाय बहुधा मागवावेच लागतात. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर, आणि बिघाड झाल्यास वस्तू नागपुरातच जमा होईल की बाहेर पाठवावी लागेल, हे पैसे देण्याआधी विचारा. जीएसटी १८ टक्के आहे, तो धरलेला भाव आहे का तेही.

मशीन टेबलावर ठेवा, जमिनीवर नाही. खोलीतल्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका: पाण्याचे तुषार आले की त्यातले क्षार पांढरी पूड होऊन पंख्यांवर आणि बोर्डावर बसतात. एप्रिल ते जून फिल्टर दर १५ दिवसांनी धुवा आणि पूर्ण वाळवूनच लावा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

जोडणी झाल्यावर परीक्षा दुपारी दोन वाजता घ्या. खोलीतला कूलर बंद ठेवून अर्धा तास गेम चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघा: प्रोसेसर ८५ च्या आत, कार्ड ८३ च्या आत, एसएसडी ७० च्या आत. मग सगळ्यात जड प्रोजेक्ट १२८ च्या बफरवर दहा मिनिटं वाजवा. आकडे वर गेले तर आधी इको मोड, मग बायोसमधला कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचा व्होल्टेज कमी करणारं सेटिंग) उणे १५, मग कार्डाची पॉवर लिमिट ८५ टक्के. एवढं करूनही भागलं नाही तरच वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा आणखी एक पंखा घ्या.