काळं पडलेलं आमण आत ढकलू नका: सर्जरीच्या नव्या रेसिडेंटसाठी

काणकोण किंवा सत्तरीहून १०८ने बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पोचेपर्यंत आमण, म्हणजे गुदद्वारातून बाहेर आलेलं गुदाशय, वाटेतच सुकतं. म्हणून फोनवरच सांगा: सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, तोंडाने काही देऊ नका. पेशंट बहुधा वयस्क बाई, आणि ‘अंग बाहेर आलंय’ एवढंच सांगते. गर्भाशय की गुदाशय ते स्वतः पाहा. कधी दोन्ही असतात. घड्या गोलाकार असतील तर पूर्ण जाडीचं प्रोलॅप्स, म्हणजे आतड्याची अख्खी भिंत बाहेर आलेली. मध्यापासून बाहेर पसरलेल्या खाचा असतील तर मूळव्याध किंवा नुसता म्युकोसा (आतड्याचं आतलं अस्तर).

मग रंग. लाल, सुजलेलं, ओलसर असेल तर आतडं जिवंत आहे. वेदनाशामक आणि सेडेशन द्या, डोकं खाली करा, साधी दाणेदार साखर सढळ हाताने पसरा आणि १५ ते २० मिनिटं थांबा. साखर पाणी ओढून घेते, सूज उतरते. नवे लोक पाच मिनिटांतच साखर पुसून दाबायला लागतात, आणि मग साखरेला नावं ठेवतात. दाब तळव्यांनी, सगळीकडून, सावकाश. टोकाचं छिद्र असलेला भाग आधी आत जायला हवा. मुळाशी बोटं रोवली तर भिंत फाटते. नाहीच गेलं तर ऑपरेशन थिएटरात स्पायनल (पाठीतून भूल) देऊन पुन्हा प्रयत्न करा; स्फिंक्टर (गुदद्वाराचा स्नायू) सैल झाला की पुष्कळदा जातं.

काळपट, दुर्गंधी, रक्त न येणारं आतडं मात्र आत ढकलायचं नाही. फ्लुइड, अँटिबायोटिक, क्रॉसमॅच (रक्त जुळवणं), आणि स्टोमाची (पोटावर आतड्याचं तोंड काढण्याची) संमती आधीच. नंतर आल्टेमायर, म्हणजे पोट न उघडता खालूनच बाहेर आलेलं आतडं कापून जोडण्याचं ऑपरेशन. खालूनच होणारं दुसरं ऑपरेशन, डेलॉर्म, इथे निरुपयोगी, त्यात फक्त म्युकोसा निघतो. डेंटेट लाइनच्या (गुदद्वाराच्या आतल्या दातेरी रेषेच्या) १.५ ते २ सेंमी वर, दुमडून आलेल्या आतड्याची बाहेरची नळी पूर्ण जाडीत गोल कापा. पुढच्या बाजूला पेरिटोनियमची (पोटाच्या अस्तराची) पिशवी उघडते. तिच्यात लहान आतडं असू शकतं, क्लॅम्प लावण्याआधी बघा. सुजलेल्या मेसोरेक्टमवरून (गुदाशयामागच्या, रक्तवाहिन्या असलेल्या चरबीवरून) धाग्याची गाठ सटकते आणि रक्तवाहिनी ओटीपोटात पळते, म्हणून थोडं थोडं घेऊन ट्रान्सफिक्स करा (सुई आरपार घालून बांधा). कड लालभडक रक्त देईल तिथे आतडं कापा. पण एकदम नाही: एकेक चतुर्थांश कापत ३-० व्हिक्रिलचा (विरघळणाऱ्या धाग्याचा) टाका घ्या, नाहीतर उरलेलं टोक वर निघून जातं.

पेशंट शॉकमध्ये असेल किंवा कडेबद्दल शंका असेल तर स्टोमा करा. काळेपणा वर पोटात गेलाय, किंवा पेरिटोनायटिस (पोटाच्या अस्तराचा दाह) आहे, तर सरळ लॅपरोटॉमी, म्हणजे पोट उघडा.

पहिल्या आठवड्यात ताप आणि वाढलेली नाडी म्हणजे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत लीकच (जोड सुटून गळती). काढलेला भाग हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवा, आणि जखम भरल्यावर कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी). आतडं खाली ओढणारी गाठ वर असू शकते.